फुकटचं नाव

एका नियतकालिकाच्या संपादकांच्या मेलला दोन फोटो जोडले होते. एक जुन्या पेपरातला, एक नव्यातला. नवा उलटा फिरवलेला. पण टिश्यूला पडलेली घडी तीच आणि घडीच्या टोकाशी अडकलेला हवेचा बुडबुडाही तोच. या दोन वेगळ्या रुग्णांच्या स्लाइड कशा, याचा खुलासा मागितला होता. मला, कारण नव्या पेपरच्या लेखकांत तिसरं नाव माझं. तो पेपर मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

मी पॅथॉलॉजी शिकवते. ज्यांनी नाव घातलं ते म्हणाले, "मॅडम, तुम्हाला प्रमोशनला होईल म्हणून." मनात खोट नव्हती, हे मी आजही मानते. मात्र लेखकांच्या फॉर्मवरची सही माझी नव्हती आणि माझ्या नावाचा मेल-आयडीही कुणीतरी काढलेला.

तिसरी जागा उगाच मिळालेली नव्हती. मेडिकल कौन्सिलने २०१५ साली बढतीसाठी पहिले दोनच लेखक धरायचं ठरवलं. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या २०२२च्या नियमांत पहिले तीन किंवा पत्रव्यवहार करणारा लेखक चालू लागला. मग या पेपरात तू मला घे, पुढच्यात मी तुला, असा भिशीसारखा व्यवहार सुरू होतो.

भिशी बुडाली की मोठेही बुडतात. १९९४ साली लंडनच्या माल्कम पिअर्स या प्रसूतितज्ज्ञाने गर्भनलिकेतला गर्भ गर्भाशयात हलवून मूल जन्माला आणल्याचं एका नियतकालिकात छापलं. अशी रुग्ण नव्हतीच. सहलेखक होते जेफ्री चेंबरलेन: पिअर्सचे विभागप्रमुख, त्याच नियतकालिकाचे संपादक, वर प्रसूतितज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजचे अध्यक्ष. प्रमुखाचं नाव घालायची रीतच होती, म्हणून घातलेलं. चेंबरलेन यांना संपादकपद आणि अध्यक्षपद, दोन्ही सोडावी लागली.

वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने लेखकपणासाठी चार अटी घातल्या आहेत: कामात भरीव वाटा, लिखाणात किंवा त्याच्या तपासणीत हात, अंतिम मजकुराला संमती आणि संपूर्ण कामाची जबाबदारी. चौथी २०१३ साली आली, आणि तीच लोक विसरतात. निधी मिळवून देणं, खोली देणं, नुसती देखरेख, यांना आभारात जागा आहे.

पीजी विद्यार्थ्यांना माझं सांगणं: प्रबंधाचा सिनॉप्सिस लिहितानाच नावं आणि क्रम गाईडशी बोलून ठरवा आणि त्याच दिवशी मेल टाका. पेपर तयार झाल्यावर हा विषय निघाला की तुमची बाजू लंगडी असते. विभागप्रमुखांना तोंडावर नाही म्हणणं तुम्हाला परवडणार नाही, हे मला कळतं. तेव्हा नियतकालिकाचा फॉर्म पुढे करा: "सर, प्रत्येकाने काय केलं ते लिहायला सांगितलंय, तुमच्या नावापुढे काय लिहू?" बरेच जण इथेच आभारांवर समाधान मानतात. काही मानत नाहीत. त्यांच्यापुढे माझ्याकडेही उपाय नाही.

माझ्यासारख्या शिक्षकांनी मास्टरचार्ट (रुग्णांच्या नोंदींचा तक्ता) आणि मूळ स्लाइड पाहिल्याशिवाय सही करू नये. अधूनमधून पबमेड आणि गूगल स्कॉलरवर स्वतःचं नाव शोधावं. नको तो पेपर दिसला तर लगेच संपादकांना लिहावं, कारण छापून आल्यावर नाव काढायला सगळ्या सहलेखकांची लेखी संमती मागतात. माझ्या बाबतीत ती गोळा होईपर्यंत पेपरच मागे घेतला गेला. मागे घेतल्याच्या सूचनेत पाचही लेखकांची नावं आहेत.