नागाची अंडी

गुरुजींनी ‘परिसरातील प्राणी’ हा विषय दिला. गाय, मोर, ससा सगळ्यांनी आधीच घेतले, म्हणून मी नाग घेतला.

नाग विषारी आहे आणि तो अंडी घालतो. मण्यारही अंडी घालते. पण आपल्याकडची घोणस आणि फुरसे अंडी घालत नाहीत, ती पिल्लेच देतात.

वारुळाला आपण नागाचे घर म्हणतो. पण ते नाग बांधत नाही, त्याला हातपाय कुठे आहेत? वारूळ वाळवी बांधते. आत ऊन लागत नाही, माती दमट राहते, म्हणून अंडी सुकत नाहीत. वारूळ नसले तर उंदराचे बीळ चालते. तिथे घर फुकट आणि जेवणही फुकट!

उन्हाळ्यात नागीण साधारण १२ ते ३० अंडी घालते. त्यांचे कवच कोंबडीच्या अंड्यासारखे कडक नसते, चामड्यासारखे मऊ असते. आजी म्हणते, नागीण अंडी उबवते. पण सापाचे अंग गार असते. ऊब मातीची असते. नागीण जवळ राहते ती राखणीला, कारण मुंगूस आणि घोरपड अंडी खातात.

सुमारे दोन महिन्यांनी पिल्लू तोंडावरच्या बारीक दाताने कवच फाडते. नंतर तो दात गळून पडतो. पिल्लू आपल्या फूटपट्टीएवढे असते, पण फणा काढते आणि त्याला पहिल्या दिवसापासून विष असते. तेव्हा आषाढ-श्रावण असतो. नागपंचमीला आपण नांगर धरत नाही, खणत नाही, ते मला बरोबर वाटते.

आणि त्याच दिवसांत आपल्या वर्गातली काही मुले खेकडे धरायला बांधाच्या बिळात हात घालतात! नावे लिहीत नाही, कारण त्यांचे आईवडील हे वाचतील. बिळात खेकडाच असेल असे नाही. साप चावला तर मांत्रिकाकडे वेळ घालवू नये, लगेच सरकारी दवाखान्यात न्यावे. सापाच्या विषावरची लस तिथे टोचतात.

खरे घरटे बांधतो तो नागराज. तो आपल्या नागाहून वेगळा आणि खूप लांब असतो. कर्नाटकात आगुंब्याच्या जंगलात तो आहे. त्याची मादी अंगाच्या वेटोळ्यांनी वाळका पाला ओढून ढीग करते, मध्ये अंडी घालते आणि वर स्वतः बसते. पिल्ले निघायच्या सुमारास ती निघून जाते.