गालगुंड झालं त्यांना, तपासण्या माझ्या!

प्रश्न : आमचे मालक गलाईच्या कामाला परराज्यात असतात. पंचविसाव्या वर्षी त्यांना गालगुंड झालं आणि आठवड्याभरात एका बाजूचं वृषण सुजलं. लग्नाला चार वर्षं झाली, मूल नाही. माझी सोनोग्राफी झाली, नळ्यांचा एक्स-रे झाला, सगळं नीट आहे. त्या दुखण्यामुळं असं होतं का?
– एक भगिनी, ता. खानापूर, जि. सांगली

उत्तर : होऊ शकतं, ताई. पण त्यांची तपासणी झाल्याशिवाय त्या दुखण्यावर ठपका ठेवता येणार नाही.

लहानपणी झालेलं गालगुंड बहुधा गालावरच निभावतं. वयात आल्यावर झालं, तर लस न घेतलेल्या चार-पाच पुरुषांमागे एकाचं वृषण सुजतं, गाल सुजल्यावर साधारण चार ते आठ दिवसांनी. वृषणाभोवतीचं आवरण चिवट असतं, ते ताणत नाही. सुजेला बाहेर वाव मिळत नाही आणि सगळा दाब आतल्या, शुक्राणू तयार करणाऱ्या बारीक नळ्यांवर येतो. त्यातल्या काही कायमच्या निकामी होतात. सुजलेलं वृषण पुढे आकसलेलंही पुष्कळदा दिसतं. तरी दुसरी बाजू शाबूत असेल तर तेवढ्यावरही मूल होतं. दोन्ही बाजू सुजणं कमी, आणि शुक्राणू पुरते बंद होणं त्याहून दुर्मीळ.

घरात लहान मुलं असतील तर एवढं बघा. सरकारी लसीकरणात २०१७ पासून आलेली लस गोवर-रुबेलाची आहे, तिच्यात गालगुंड नाही. शाळेत लस टोचली म्हणजे झालं, असं पुष्कळ आईबाप समजतात. गालगुंडासाठी एमएमआर लागते. ती बालरोगतज्ज्ञांकडे विकत घ्यावी लागते.

तुमच्या पत्रातला ‘गलाई’ हा शब्दही मला महत्त्वाचा वाटला. खानापूर-आटपाडीपासून माण-खटावपर्यंत कितीतरी घरं सोन्या-चांदीच्या त्या भट्टीवर उभी आहेत. वृषणांना शरीरापेक्षा दोन-तीन अंश कमी तापमान लागतं. तासन्‌तास भट्टीपुढं बसल्यानंही शुक्राणू घटू शकतात. कोविडच्या किंवा दुसऱ्या कुठल्याही मोठ्या तापानंतरही ते घटतात, पण बहुधा तात्पुरते. नवे शुक्राणू तयार व्हायला अडीच महिने लागतात, म्हणून असा ताप येऊन गेल्यावर तीन महिने थांबून तपासावं.

वीर्यतपासणीत सुई नाही, भूल नाही. मूल न होण्याच्या सुमारे निम्म्या प्रकरणांत पुरुषाकडचंही कारण असतं, तरी आपल्याकडं टेबलावर आधी बाईला झोपवतात. याचा मला मनापासून राग येतो. मालक दिवाळीला आले की दोन ते सात दिवस संबंध न ठेवता त्यांनी नमुना द्यावा. तिथल्या शहरात दिला तरी चालेल. दोष दिसला तर काही आठवड्यांनी पुन्हा तपासून युरॉलॉजिस्टला दाखवावं. नमुन्यात शुक्राणू शून्य आले, तरी काही जणांच्या वृषणातून ते काढून टेस्ट ट्यूबच्या उपचारानं मूल होऊ शकतं.

हे उत्तर मालकांनाही वाचायला पाठवा.