ताळेबंद उघडा ठेव

भिलाई-3

चि. निनाद,

बुटीबोरीतल्या कारखान्याची अवस्था तू सविस्तर कळवलीस हे बरे केलेस. मोठ्या गिऱ्हाइकाने ऑर्डर अर्ध्यावर थांबवली आहे, जुनी बिले अडकली आहेत आणि कॅश क्रेडिटची मर्यादा संपत आली आहे. यातले काहीच कामगारांना, बँकेला किंवा उधारीवर पत्रा आणि अँगल देणाऱ्या व्यापाऱ्याला तू सांगितलेले नाहीस, आणि सावरल्यावरच सांगणार आहेस. या शेवटच्या गोष्टीशी मी अजिबात सहमत नाही. संकटातल्या धंद्याला तोटा सहसा एकदम बुडवत नाही. तोटा लपवण्यात जे महिने जातात ते बुडवतात, कारण मदत करू शकणाऱ्यांच्या हातात तेव्हा काही असते आणि नंतर नसते.

मी राहतो त्या भागाचे उदाहरण घे. भिलाईचा पोलाद कारखाना ज्या 'सेल'चा आहे, ती कंपनी 1998-99 पासून सलग पाच वर्षे तोट्यात होती. पहिल्या वर्षी सुमारे 1,574 कोटी आणि दुसऱ्या वर्षी सुमारे 1,720 कोटी रुपयांचा तोटा झाला. इथले छोटे फॅब्रिकेशनवाले, वाहतूकदार, दुकानदार, सगळ्यांचे पोट त्या कारखान्यावर, त्यामुळे ते आकडे त्यांच्या घरातही शिरले होते. पण आकडे छापलेले होते. सरकार, बँका आणि कामगार संघटना भांडल्या त्या एकाच आकड्यावरून, आणि म्हणूनच 2000 साली पुनर्रचनेचा आराखडा मंजूर होऊ शकला. हजारो कोटींचे देणे माफ झाले, स्वेच्छानिवृत्तीच्या योजना आल्या, विजेचे कारखाने एनटीपीसीबरोबरच्या भागीदारीत गेले. 2003-04 मध्ये त्याच कंपनीने सुमारे 2,512 कोटींचा नफा दाखवला.

तू म्हणशील, त्यांच्यामागे सरकार होते, शिवाय चीनच्या मागणीने पोलादाचे भावच वाढले. दोन्ही खरे आहे. भाववाढ नसती तर नुसत्या पुनर्रचनेने इतका नफा झाला नसता, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. पण भाव चढेपर्यंत कंपनी तग धरून राहिली आणि तोवर तिने खर्चाचे ओझे हलके केले होते, म्हणून ती भाववाढ तिच्या उपयोगी पडली. आणि तुझ्यामागे सरकार नाही म्हणूनच तर तुला देणेकऱ्यांचा विश्वास लवकर मिळवायला हवा. तुझ्याकडे दुसरे भांडवल कुठले आहे?

उलट बाजूचे उदाहरण मुंबईचे. भांडुपची पीएमसी बँक बाहेरून धडधाकट दिसत होती. एका बांधकाम समूहाला दिलेली थकीत कर्जे झाकण्यासाठी तिथे 21,000 हून अधिक बनावट खाती दाखवली गेली होती. सप्टेंबर 2019 मध्ये रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले आणि सुरुवातीला खातेदाराला फक्त 1,000 रुपये काढता येत होते. त्यात निवृत्तांची आयुष्यभराची पुंजी होती, गृहनिर्माण संस्थांचे निधी होते. त्या प्रकरणात फसवणूक होती आणि तुझ्याकडे ती नाही, हे मला माहीत आहे. तरीही न सांगण्याची सवय एकदा लागली की पुढचा प्रत्येक महिना मागच्या महिन्याची झाकपाक करण्यात जातो, आणि प्रामाणिक माणूससुद्धा जुन्या हप्त्यासाठी नवे कर्ज काढू लागतो.

आता तुझ्या बँकेबद्दल. तुझ्याकडे वेळ आहे असे तुला वाटते, प्रत्यक्षात तो मोजून दिलेला आहे. देणे 90 दिवस थकले की खाते एनपीए होते, आणि त्याआधीचे 30 आणि 60 दिवसांचे टप्पेही बँक नोंदवत असते. 25 कोटींपर्यंतच्या कर्जाच्या लघुउद्योगांसाठी 2015 पासून पुनरुज्जीवनाची चौकट आहे. तिच्यात उद्योजक स्वतःहून अर्ज करू शकतो आणि बँकेची समिती मुदत वाढवणे, पुनर्रचना असे उपाय विचारात घेते. स्वतः गेलेल्या माणसाचे ऐकले जाते. नोटीस आल्यावर गेलेल्याला खुलासे द्यावे लागतात. जाताना नफ्याचा तक्ता नेऊ नकोस, रोकडीचा ने: पुढच्या तेरा आठवड्यांत कुठल्या आठवड्यात किती येणार आणि किती जाणार. गिऱ्हाइकाचे पैसे आले नाहीत तरी बिलावरचा जीएसटी तुला भरावाच लागतो, त्यामुळे कागदावर नफ्यात असलेला कारखानाही पगाराच्या दिवशी रिकामा असू शकतो.

कामगारांना सांगितले तर चांगले वेल्डर सोडून जातील, हा तुझा सर्वांत मोठा आक्षेप, आणि तो पोकळ नाही. एखाददुसरा जाईलही. पण शॉपफ्लोअरवर काम कमी झाल्याचे त्यांना तुझ्याआधी दिसलेले असते. गाडी येत नाही, गॅस सिलिंडर उशिरा बदलतात, साहेबांचा फोन सतत चालू असतो. तू गप्प राहिलास तर अफवा बोलते, आणि अफवेत हुशार माणूस सर्वांत आधी दुसरीकडे जागा शोधतो. त्यांना आकडा सांग, पगार कुठल्या तारखेपर्यंत पक्का आहे तेही सांग, आणि ती तारीख पाळ. कापलेल्या पीएफचा एक रुपयाही फिरवू नकोस, तो तुझा नाही. सुरक्षेच्या खर्चालाही कात्री लावू नकोस. भिलाईच्या कारखान्यात जून 2014 मध्ये वायुगळतीने 6 माणसे गेली आणि ऑक्टोबर 2018 मध्ये कोक ओव्हनच्या गॅसवाहिनीच्या आगीत दहाहून अधिक. त्या अपघातांची कारणे मी खर्चकपातीला जोडत नाही. मला एवढेच सांगायचे आहे की असे काही घडले तर ते कुठल्याही ताळेबंदातून भरून निघत नाही. तेव्हा गाडी विक, ऑफिसचे भाडे कमी कर, स्वतःचा पगार थांबव, पण हार्नेस आणि होज नवेच घे.

राहिला गिऱ्हाइकाचा प्रश्न. 2006 च्या कायद्याने सूक्ष्म आणि लघु उद्योगाला 45 दिवसांत पैसे मिळायला हवेत, नाहीतर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागते आणि लघुउद्योगांसाठीच्या सुविधा परिषदेकडे दाद मागता येते. हे केले तर पुढची ऑर्डर गेली, असे तू म्हणशील, आणि बऱ्याचदा तसे होतेही. म्हणून तक्रार हे पहिले पाऊल नाही. 2023 च्या वित्त कायद्याने नवी तरतूद आली आहे, तिच्यानुसार मुदतीत न दिलेली रक्कम गिऱ्हाइकाला प्रत्यक्ष देईपर्यंत करासाठी खर्च म्हणून वजा करता येत नाही. त्यामुळे मार्चअखेरीआधी त्यांचा लेखा विभागच थकबाकी मोजू लागतो. खरेदी अधिकाऱ्याशी भांडण्यापेक्षा तुझे उद्यम प्रमाणपत्र आणि तारीखवार यादी त्या लेखा विभागाकडे लेखी पाठव. उत्तर आलेच नाही तर मात्र परिषदेकडे जा. पैसेच न देणारे गिऱ्हाईक टिकवून काय मिळणार आहे?

आपल्याकडे मदत मागण्याची लाज वाटते, आणि तुझ्या गप्प राहण्याच्या मुळाशी मला तीच दिसते. लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगाव सोडावे लागले तेव्हा, 1910 मध्ये, औंधच्या संस्थानाने जागा आणि कर्ज दिले, त्यातून किर्लोस्करवाडी उभी राहिली. पुढे पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेना, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा दिल्या, त्या वितळवून नांगर झाले. लोखंडच नाही असे लक्ष्मणरावांनी कोणापाशी बोलायचेच टाळले असते, तर तोफा तशाच किल्ल्यावर पडून राहिल्या असत्या.

येत्या सोमवारपर्यंत तेरा आठवड्यांचा तक्ता मला पाठव. येणी फुगवू नकोस, ज्या बिलाची तारीख पक्की नाही ते शून्य धर. तो तपासून झाला की आधी बँकेच्या शाखाधिकाऱ्याला भेट, त्याच दिवशी पत्र्याच्या व्यापाऱ्याला, आणि दुसऱ्या दिवशी पाळी सुटायच्या आधी कामगारांशी बोल. वहिनींनाही आकडे दाखव, घरखर्च त्याच बघतात.

तुझा,
भाऊकाका