पाठ: निर्णय कसा घ्यावा?



गेल्या वर्षी वर्ग शनिवारी भरवावा की रविवारी, हे आपण हात वर करून ठरवले. शनिवारच्या बाजूने जास्त हात वर झाले. पण ज्यांचे आईबाबा शनिवारी कामावर जातात, अशी चार मुले हळूहळू येईनाशी झाली. आपली मोजणी बरोबर होती. ‘याचा त्रास कोणाला होईल?’ हे विचारायचे मात्र राहून गेले.

सरकारलाही अनेक पर्यायांतून एक निवडावा लागतो. त्याच्या काही रीती आज पाहू.

१) दोन रकाने. १७७२ साली बेंजामिन फ्रँकलिन यांनी जोसेफ प्रीस्टली या मित्राला पत्रातून ही रीत कळवली. कागदाच्या मधोमध रेघ ओढा. एकीकडे फायदे लिहा, दुसरीकडे तोटे. तीन-चार दिवस विचार करा. मग सारख्या वजनाचे मुद्दे दोन्हीकडून खोडा आणि काय उरते ते पाहा.

२) खर्च आणि लाभ. अमेरिकेच्या १९३६ च्या पूरनियंत्रण कायद्याने एक कसोटी घातली: लाभ कोणालाही होवो, तो खर्चापेक्षा जास्त हवा. कसोटी चांगली आहे, पण लाभ एकाला आणि तोटा दुसऱ्याला झाला, तर नुसत्या बेरजेत ते दिसत नाही.

३) अनेक कसोट्या. महाराष्ट्रात १९७२ साली मोठा दुष्काळ पडला. अशा वेळी लोकांना फुकट धान्य द्यावे की काम? दोन्ही पर्याय चार प्रश्नांवर तपासू.

मदत कोणाला मिळेल? धान्य म्हाताऱ्यांना व आजाऱ्यांनाही देता येते. काम फक्त धडधाकट माणसांना.
गरजू कसे ओळखायचे? धान्यासाठी यादी लागते. उन्हात खडी फोडायला गरजूच येतो.
मागे काय उरेल? धान्य संपते, कामातून बंधारे, पाझर तलाव, रस्ते उरतात.
पैसे कोण देणार? दोन्हीसाठी कोणीतरी द्यावेच लागतात.

वि. स. पागे यांनी ‘मागेल त्याला काम’ ही कल्पना मांडली. तिच्या खर्चासाठी १९७५ मध्ये नोकरदार व व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसला. रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. तरीही पहिल्या प्रश्नातले म्हातारे आणि आजारी उरतातच. त्यांच्यासाठी वेगळी सोय लागते. हे तक्त्यामुळेच लक्षात येते.

कोणत्या प्रश्नाला किती वजन द्यायचे, हे तक्ता सांगत नाही. ते आपल्यालाच ठरवावे लागते.

शब्दार्थ: पर्याय – निवडता येईल अशी गोष्ट, कसोटी – पारखण्याचे साधन, धडधाकट – अंगात ताकद असलेला, हमी – खात्रीचे वचन.

स्वाध्याय: शनिवार, रविवार आणि शुक्रवार संध्याकाळ यांचा तक्ता करा. त्याआधी त्या चार मुलांपैकी एकाला फोन करा आणि मराठीतच बोला!