घराभोवतीच्या पाखरांची वही

चि. मुक्तास,


पक्षी पाहायचे तर भिगवणला नाहीतर नांदूर मध्यमेश्वरला जायला हवे, गावात काय आहे, असे तू लिहितेस. तिथे जरूर जा. पण हा हिवाळाभर घराभोवतीची पाखरे रोज पाहा आणि लिहून ठेव, असा माझा आग्रह आहे. पक्ष्यांचे जगणे कळायला एकाच जागी सलग पाहावे लागते, आणि तशी जागा घराइतकी दुसरी नाही. पक्षीतज्ज्ञ सलीम अलींनी १९३०च्या पावसाळ्यात किहीमला राहत्या घराजवळच्या सुगरणींवर नजर ठेवली. नर खोपा अर्धा विणतो, मादी तो पारखून घेते, ती तिथे स्थिरावली की नर दुसरा खोपा विणायला घेतो, हा सगळा संसार त्यातून उलगडला. सुगरण पाहिली नाही असा माणूस खेड्यात नव्हता. तिच्याकडे चिकाटीने पाहणारे मात्र विरळा होते.

रोजच्या साळुंक्या-चिमण्या काय लिहायच्या, असे तुला वाटेल. पण नेहमीचे पाखरू कमी होऊ लागले तर ते सहसा ध्यानात येत नाही. आणि ध्यानात आले तरी पूर्वी किती होते हे सांगायला नोंद लागते. एका वहीने काय होणार, असेही म्हणशील. भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा २०२३चा अहवाल तीस हजारांवर निरीक्षकांच्या सुमारे तीन कोटी नोंदींवर उभा आहे, आणि त्यांतले बहुतेक हौशी आहेत. तिसरा आक्षेप शेतकऱ्याचा: भोरड्यांचे थवे ज्वारीवर उतरतात, त्यांचे कौतुक कसले? त्याचे नुकसान खरे आहे, त्याच्याशी वाद घालू नकोस. पण याच भोरड्या नाकतोडेही खातात. तुमच्या शिवारात त्या कणसावर किती बसतात, जमिनीवर किडे किती टिपतात आणि कोणत्या महिन्यात, हे लिहिलेस तर त्याला देण्याजोगे उत्तर तुझ्याकडे असेल.

दुर्बीण नसली तरी अडत नाही. उकिरड्यापाशी शेपटी हलवत फिरणारा धोबी आणि कुंपणावरचा थिरथिरा नुसत्या डोळ्यांनी ओळखता येतात. तारीख, वेळ, जागा आणि संख्या लिही. खात्री नसेल तिथे तसे नमूद कर, आणि पाखरू दिसले नाही तो दिवसही कोरा सोडू नकोस. उद्या सकाळपासूनच वही सुरू कर.

तुझा,
काका