शून्य अंशाची बॅग

प्रश्न : डिसेंबरात कॉलेजच्या ग्रुपबरोबर तोरणमाळला तंबूत मुक्काम आहे. दुकानात पाहिलेल्या स्लीपिंग बॅगवर '०°' छापलंय. आपल्याकडे पारा शून्यापर्यंत जात नाही, म्हणजे ती पुरेल ना? आजी म्हणते, गोधडी ने.
– एक वाचक, चोपडा

उत्तर : शून्य कोणतं, ते आधी दुकानदाराला विचारा. आयएसओ २३५३७ या मानकाप्रमाणे चाचणी करताना आतून तापवलेला पुतळा बॅगेत झोपवतात आणि त्याची ऊब किती वेगाने निसटते ते मोजतात. त्यावरून तीन आकडे निघतात. 'कम्फर्ट' म्हणजे सर्वसाधारण स्त्री सैल अंगाने शांत झोपेल ते तापमान. 'लिमिट' म्हणजे सर्वसाधारण पुरुष अंगाचं मुटकुळं करून रात्र काढेल ते. 'एक्स्ट्रीम' म्हणजे जीव वाचेल, झोपेचं नाव काढू नका. दुकानातला ठळक आकडा बरेचदा हा तिसरा असतो. एक्स्ट्रीम शून्य असलेल्या बॅगचा कम्फर्ट बारा-पंधराच्या घरात असू शकतो, आणि खानदेशात कडाक्याच्या थंडीत पारा दहाच्या खाली उतरतोच. त्यात तोरणमाळ हजार मीटरहून उंच. हजार मीटर चढलं की हवा साधारण सहा अंशांनी गार होते. तेव्हा कम्फर्ट पाचच्या आसपास असलेली बॅग बघा. हिमालयासाठीची उणे दहाची बॅग इथे नको, रात्रभर घामाने भिजाल.

मुळात बॅग ऊब तयार करत नाही. ऊब तुमच्या अंगाची. बॅगेतल्या भरावात अडकलेली हवा ती धरून ठेवते. तुमच्या वजनाने पाठीखालचा भराव दबला की तिथली हवा गेली, आणि जमीन रात्रभर ऊब ओढत राहते. थंडीची निम्मी तक्रार खालून येते, आणि लोक वरून पांघरुणं वाढवत बसतात! जाड फोमची चटई घ्याच. शिवाय यशवंत तलावाच्या काठी खोलगट जागेत तंबू ठोकू नका. निरभ्र रात्री थंड हवा तिथेच साचते, दवही पडतं.

भराव दोन प्रकारचा. बदकाची किंवा हंसाची पिसं हलकी आणि उबदार, पण ओली झाली की गोळा होऊन निकामी. सिंथेटिक भराव जड, पण ओलसर झाला तरी थोडीफार ऊब देतो, धुवायला सोपा आणि स्वस्त. तुम्हाला हाच पुरे. झोपताना अंगावर कोरडे कपडे, डोक्याला टोपी. तोंड बॅगेत खुपसू नका. श्वासाची वाफ आत दमट करते.

घरी आल्यावर बॅग उलटी करून सावलीत वाळवा. तिच्या छोट्या पिशवीत वर्षभर कोंबून ठेवू नका, भराव कायमचा चपटा होतो. कापसाची गादी दबली तर पिंजारी ती पुन्हा पिंजून देतो. इथे ती सोय नाही. जुन्या उशीच्या मोठ्या अभ्र्यात सैल ठेवा. धुवायची तर सौम्य साबणाने, पिळू मात्र नका.

राहता राहिली आजी. गाडी तंबूपर्यंत जाणार असेल, तर फोमच्या चटईवर एक गोधडी खाली आणि दोन वर, एवढ्यात तुमची रात्र छान जाईल. पाठीवर सामान घेऊन चालायचं असेल, तरच बॅग. तीही एका सहलीसाठी विकत घेऊ नका, भाड्याने आणा आणि आणल्या आणल्या तिची चेन दोनदा लावून-उघडून बघा.