नव्या वर्षाची चवळी



वर्षाच्या पहिल्या दिवशी गोड खाल्ले म्हणजे वर्ष गोड जाते, असे आपण म्हणतो. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत मात्र १ जानेवारीला चवळी शिजते. चवळी-भाताच्या त्या पदार्थाला ‘हॉपिन जॉन’ म्हणतात. सोबत पालेभाजी व मक्याची भाकरी असते. दाणे म्हणजे नाणी, पाला म्हणजे नोटा आणि पिवळी भाकरी म्हणजे सोने, असा तेथील समज आहे.

ही चवळी मूळची आफ्रिकेची. गुलाम म्हणून नेलेल्या लोकांबरोबर ती अमेरिकेत पोहोचली. दाणे खाल्ल्याने घरात पैसा येतो काय? नाही. पण या ताटात शहाणपण आहे.

आरोग्य : १०० ग्रॅम सुक्या चवळीत सुमारे २४ ग्रॅम प्रथिने असतात. भाताच्या प्रथिनांत जे उणे, ते चवळी भरून काढते. तिच्यात लोह आहे, तसेच गर्भवतीला लागणारे फोलिक आम्लही आहे. दाणे रात्रभर भिजवा. उसळीवर लिंबू पिळा, म्हणजे लोह अंगी लागते. जेवणाबरोबर चहा घेऊ नका. अमेरिकन लोक हॉपिन जॉनमध्ये खारवलेले डुकराचे मांस घालतात. रक्तदाब असणाऱ्यांनी ते टाळावे.

जमीन : चवळीच्या मुळांवरील गाठींतले जीवाणू हवेतील नत्र धरून ठेवतात. गोव्यात भातकापणीनंतर उरलेल्या ओलीवर अळसांदे घेतात, तीही चवळीच. शेंगा तोडल्यावर वेल उपटून जाळू नका, जमिनीतच गाडा.

साठवण : दाणे कडक उन्हात वाळवा. किलोला एक चहाचा चमचा खाद्यतेल चोळा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. भुंगेरे लागत नाहीत.

आता मुख्य गोष्ट. पुष्कळ घरांत चांगला दाणा बाजारात जातो आणि मुलांच्या पानात नुसता भात उरतो. जरा हिशेब करा. पाच माणसांच्या घरात माणशी ३० ग्रॅम चवळी आठवड्यातून तीनदा शिजवली, तर वर्षाला सुमारे २३ किलो लागते. तेवढी विक्रीपूर्वी बाजूला काढा. शकुनाचा घास एका दिवसाचा. हा डबा मात्र वर्षभर मुलांच्या अंगी लागेल.